आधी बैठक, मग चाकं: मोठ्या माणसासाठी खास व्हीलचेअर घेताना

दादाची पहिली व्हीलचेअर आम्ही पंधरा मिनिटांत घेतली. सर्जिकल सामानाच्या एका दुकानात गेलो, घडीच्या दोन खुर्च्या उघडून पाहिल्या, त्यातली निळी आवडली, रिक्षात मागे टाकली आणि घरी आलो. दादा तेव्हा घरीच होता. ज्याच्यासाठी खुर्ची घ्यायची त्याला सोबत न्यावं, हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. चपला घेतानाही माणूस पाय घेऊन जातो!

दादाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. त्या निळ्या खुर्चीत तो सकाळी सरळ बसायचा आणि अकरापर्यंत घसरून अर्धा आडवा झालेला असायचा. आई दर तासाला काखेत हात घालून त्याला वर ओढायची. दोन वर्षांत कणा डावीकडे आणखी वाकला आणि माकडहाडापाशी जखम झाली, ती भरायला चार महिने लागले. दुकानदारानं फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यानं काही विचारलं नाही आणि काय सांगायचं असतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच.

आजीचे गुडघे दुखतात, दवाखान्यात न्यायला खुर्ची हवी आहे, अशांनी हे सगळं वाचायची गरज नाही. दुकानातली खुर्ची पुरते. ज्यांना दिवसाचे सहा-आठ तास खुर्चीत काढायचे आहेत आणि स्वतःचं धड किंवा मान सावरता येत नाही, त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मानेपाशी झालेली मणक्याची इजा, डोक्याला मार, मल्टिपल स्क्लेरोसिस, यातलं काहीही असू शकतं.

आधी आठवडाभर नुसतं बघा

कुणाचीही अपॉइंटमेंट घेण्याआधी एक वही करा. माणूस कधी घसरतो, कुठल्या बाजूला कलतो, जेवताना ठसका लागतो का, पाय कधी ताठ होतात, हे वेळेसकट लिहा. सकाळी बसवल्या बसवल्या समोरून आणि बाजूनं एकेक फोटो काढा, दोन तासांनी पुन्हा काढा. डॉक्टरांसमोर माणूस नेहमीपेक्षा बरा बसतो, हा आमचा अनुभव. फोटो मात्र खरं सांगतात.

रात्री कपडे बदलताना कातडी बघा. बैठकीची दोन हाडं, माकडहाड, मांडीच्या बाहेरच्या बाजूचं खुब्याचं हाड, टाचा आणि कणा वाकलेला असेल तर बरगड्यांचा फुगवटा. लाल डाग दिसला तर अंगठ्यानं दाबा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला आणि अर्ध्या तासात गेला तर ठीक. दाबूनही लालच राहिला, तर ती बेडसोरची सुरुवात समजा, त्या जागेवर भार देणं थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे काळसर छटा, गरमपणा किंवा कडकपणा बोटांनी तपासावा लागतो.

कुणाकडे जायचं

दोन माणसं शोधायची. एक म्हणजे पुनर्वसन विषयातले डॉक्टर, ज्यांना दवाखान्यात ‘पीएमआर’ म्हणतात. दुसरे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ‘ओटी’, बसणं-खाणं अशी रोजची कामं जमवून देणारे. (ओटीकडे जायचंय म्हटल्यावर आमच्या मावशीनं ऑपरेशन ठरलं समजून देवाला नवस बोलून टाकला होता.) काही ठिकाणी हे काम अनुभवी फिजिओथेरपिस्टही करतात. फोनवर थेट विचारा: ‘धड न सावरणाऱ्या मोठ्या माणसाचं सीटिंग असेसमेंट, म्हणजे बसण्याची तपासणी, तुम्ही करता का?’ लहान मुलांसोबत काम करणारे पुष्कळ भेटतात, मोठ्यांसाठी जरा जास्त फोन करावे लागतात.

पुण्यात ससूनमध्ये आणि मोठ्या खासगी रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत, तिथून सुरुवात करता येते. वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर लष्कराचं असून १९४४ पासून आहे. तिथे पैसे भरून नागरिकांचंही काम होतं, पण ती जागा मुख्यतः कृत्रिम अवयव आणि कॅलिपर, ब्रेस असे अंगाला बांधायचे आधार यांची. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी आहे. घरात कुणी माजी सैनिक असेल तर ते नाव लक्षात ठेवा. केस फार गुंतागुंतीची असेल तर मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत एक खेप करावी. केंद्र सरकारची ही संस्था १९५५ पासूनची आहे आणि डॉक्टर, थेरपिस्ट, ब्रेस बनवणारे असे सगळे एकाच आवारात भेटतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली साध्या व्हीलचेअरसाठीसुद्धा आठ पायऱ्या सांगितल्या आहेत: नोंदणी, तपासणी, कुठली खुर्ची ते ठरवणं, पैशांची सोय आणि ऑर्डर, खुर्चीची तयारी, बसवून बघणं, शिकवणं आणि पुढची देखभाल. दुकानात यातली चौथी तेवढी होते. बाकीच्या सात तुम्हाला वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवाव्या लागतील, हे मनाशी धरूनच निघा.

तपासणीच्या दिवशी

हा दिवस महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुनी खुर्ची, वही आणि फोटो सोबत न्या. जेवण करून दीड-दोन तासांनंतरची वेळ घ्या. चांगल्या तपासणीला तास-दीड तास लागतो. माणसाला खुर्चीतून न उतरवता कुणी दहा मिनिटांत ‘सोळा इंची घ्या’ म्हणालं, तर आभार मानून दुसरीकडे जा.

आमच्या ओटी मॅडमनी दादाला आधी आडवं करून पाय किती वाकतात, किती सरळ होतात ते पाहिलं. मग त्याला लाकडी बाकावर बसवलं. मी मागून धड धरलं होतं. त्या त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही तळवे त्याच्या कमरेच्या हाडांवर ठेवले आणि खाली गेलेली डावी बाजू हळूच वर उचलून धरली. काही सेकंद काहीच झालं नाही. मग छातीवर पडलेली त्याची मान सावकाश वर आली, आणि दादानं समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तारीख मोठ्यानं वाचली. आई माझ्याकडे बघायला लागली. आम्ही इतकी वर्षं मानेला पट्टा शोधत होतो आणि दुखणं कमरेत होतं.

तर बसण्याचा पाया कंबर आहे. कमरेचं हाड मागे कलंडलं की माणूस माकडहाडावर बसतो, पाठीला पोक येतो, कुल्ले पुढे घसरतात. ते एका बाजूला खाली गेलं की कणा तोल सावरायला उलटा वाकतो. म्हणून थेरपिस्ट आधी कंबर, मग मांड्या, मग धड आणि सगळ्यात शेवटी डोकं, या क्रमानं जातात. हातानं कुठे किती आधार दिला की शरीर सावरतं ते त्या बघतात. पुढे खुर्चीनं त्या हातांचं काम करायचं असतं.

इथे एक प्रश्न तुम्ही आवर्जून विचारा: ‘हे वाकलेलं हातानं सरळ होतंय, की हाडातच बसलंय?’ सरळ होत असेल तर खाली गेलेल्या बाजूला उंची देऊन ते सावरता येतं. हाडातच बसलं असेल तर उलट करायचं, म्हणजे वर राहिलेल्या बाजूखालची पोकळी भरायची आणि शरीर जसं आहे तसं झेलायचं. पक्क्या झालेल्या वाकाला पट्ट्यांनी सरळ करायला गेलं की जखमा होतात.

दुसरा प्रश्न गुडघ्यामागच्या शिरांचा, म्हणजे मांडीच्या मागून येणाऱ्या स्नायूंचा. त्या आखडलेल्या असतील तर पाय पुढे लांब ठेवणारे फुटरेस्ट अजिबात घेऊ नका. पाय लांब केले की त्या शिरा कमरेला पुढे ओढतात आणि माणूस घसरतो. आमच्या निळ्या खुर्चीचे फुटरेस्ट नेमके तसे होते, आणि ‘पाय आरामात राहतील’ म्हणून तेच आम्हाला आवडले होते.

मापं

मापं थेरपिस्टच घेतील, पण शिंप्याची टेप घेऊन तुम्हीही घ्या आणि ताडून बघा. सोफ्यावर नको, कडक बाकावर. दोन जाड पुस्तकं कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना उभी टेकवा आणि त्यांच्यामधलं अंतर मोजा. ती झाली रुंदी. सीट त्याहून फार तर इंचभर जास्त. ‘जरा ऐसपैस असू दे’ हा आपला स्वभाव आहे, पण ऐसपैस सीटमध्ये माणूस एका बाजूला कलंडतो. खोली म्हणजे कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत, त्यातून दोन बोटं कमी. हे माप दोन्ही पायांचं वेगवेगळं घ्या. कंबर फिरलेली असेल तर दोन्हींत फरक येतो आणि सीटची पुढची कडा तशी कापावी लागते. सीट जास्त खोल झाली तर तिची कडा पोटऱ्यांना टोचते आणि माणूस आपणहून पुढे सरकतो. मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत (घरात घालतो त्या चपलांसकट), सीटपासून कोपरापर्यंत, खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत, खांद्यापर्यंत आणि डोक्याच्या मागच्या मध्यापर्यंत. छातीची रुंदीही घ्या, बाजूच्या आधारांना ती लागते. गादीची जाडी या सगळ्या उंच्यांत धरायची असते, ते विसरू नका.

कुठली खुर्ची

धड न सावरणाऱ्या मोठ्या माणसाला बहुधा ‘टिल्ट’ची खुर्ची सुचवली जाते. यात सीट आणि पाठ दोन्ही मिळून मागे कलतात, मांडी-धडातला कोन तोच राहतो. ‘रिक्लाइन’मध्ये फक्त पाठ खाली जाते. दिसायला दोन्ही आरामखुर्च्याच, पण रिक्लाइनमध्ये पाठ खाली-वर होताना कातडी घासते, कंबर घसरते आणि ज्यांचे स्नायू ताठ होतात त्यांचं अंग एकदम आणखी ताठरू शकतं. टिल्टनं बैठकीवरचा भार पाठीवर जातो. त्यासाठी नुसतं थोडं कलवून भागत नाही. तीस अंशांच्या पुढे न्यावं लागतं आणि काही मिनिटं तसंच ठेवावं लागतं. जेवताना मात्र पुन्हा सरळ. मान मागे पडलेल्या माणसाला भरवणं म्हणजे घास श्वासनलिकेत जायला वाट करून देणं.

टिल्ट खुर्चीची अडचण अशी की ती जड असते आणि बहुतेकींची नीट घडी होत नाही, त्यामुळे रिक्षा विसरा. आम्ही जुनी निळी खुर्ची फेकली नाही. तिच्यात कडक बैठक आणि कडक पाठ टाकून घेतली आणि तास-दोन तासांच्या बाहेरच्या कामापुरती ठेवली.

स्वतः चाकं ढकलू शकणाऱ्यांना मापानुसार बनवलेल्या हलक्या खुर्च्या आता भारतातही मिळतात. मद्रास आयआयटीतून निघालेल्या निओमोशन कंपनीची निओफ्लाय त्यांतलीच. हात चालतात पण ताकद नाही, अशांनी बॅटरीची खुर्ची बघावी. बंगळुरूची ऑस्ट्रिच मोबिलिटी अशा खुर्च्या बनवते. बॅटरीच्या खुर्चीत जॉयस्टिक कुठे बसवायची हे बैठक पक्की झाल्यावर ठरवा. बसणं डळमळीत असेल तर हातही डळमळतो आणि खुर्ची भिंतीवर जाते.

आधारांबद्दल थोडक्यात. कमरेचा पट्टा पोटावर नको, मांड्या आणि पोट मिळतात त्या घडीत, खाली-मागे खेचणारा हवा. मांड्यांमधला उंचवटा पाय वेगळे ठेवायला असतो. घसरण थांबवायला त्याचा वापर केला तर नाजूक जागी इजा होते. आणि कमरेचा पट्टा न लावता छातीला ओढणी किंवा पट्टा कधीही बांधू नका. माणूस खाली घसरला की तोच पट्टा गळ्यात येतो. हे अनेक घरांत प्रेमापोटी केलं जातं, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

गाद्या तीन तऱ्हेच्या: फोम, जेल आणि हवेच्या कप्प्यांची. फोम स्वस्त आणि स्थिर, पण काही महिन्यांत बसतो. जेल जड. हवेची गादी भार चांगला वाटून देते, पण डळमळते आणि हवा दर आठवड्याला तपासावी लागते. माणूस बसलेला असताना गादी आणि बैठकीच्या हाडाच्या मधे हात घाला. हाडाखाली अर्धा ते एक इंच हवा लागली पाहिजे. हाड थेट खालच्या फळीला टेकत असेल तर गादी असून नसल्यासारखी. कव्हर रेक्झिनचं नको, उन्हाळ्यात घामानं कातडी सोलते. आमचं ताणलं जाणारं कव्हर नाना पेठेत गाड्यांची सीट शिवणाऱ्या एका काकांनी शिवून दिलं. मॅडमनी कापड निवडलं, काकांनी शिवण कुठे येऊ द्यायची नाही ते स्वतःच विचारलं.

ऑर्डर देण्याआधी घर मोजा

सोळा इंची सीटची खुर्ची बाहेरून चोवीस-पंचवीस इंच भरते. टेप घेऊन बिल्डिंगच्या फाटकापासून संडासापर्यंत जा आणि प्रत्येक दाराची मोकळी जागा मोजा, म्हणजे दार उघडल्यावर उरते ती. लिफ्टची खोली सगळ्यात आधी. टिल्ट खुर्ची फुटरेस्टसकट लांब असते. आमच्या लिफ्टमध्ये ती फुटरेस्ट काढल्यावरच मावते. जुन्या वाड्यात राहत असाल तर उंबरठ्यांची उंचीही लिहा.

रॅम्पचं गणित सोपं आहे: एक इंच चढाला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा फूट रॅम्प. सोसायटीत कुणीतरी चार फुटांची फळी टाकून देतो म्हणेल. त्या फळीवरून भरलेली खुर्ची एकदा त्यालाच उतरवून दाखवायला सांगा.

बाहेर जायला मेट्रो सोयीची: स्टेशनांवर लिफ्ट, रुंद गेट आणि डब्यात व्हीलचेअरची जागा आहे. स्टेशनपर्यंतचा फुटपाथ हा वेगळा विषय. पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात, म्हणून पुढची चाकं फार छोटी घेऊ नका.

कागद आणि पैसे

स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करा आणि ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला जा. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत मिळतं. पण त्यात येणारी खुर्ची बहुधा साधी घडीची असते. गुंतागुंतीच्या बैठकीला ती पुरेल असं धरून बसू नका. महापालिकेच्या समाज विकास विभागातही चौकशी करा. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, अर्ज कुठे अडला तर तिथे लेखी तक्रार देता येते.

साधी खुर्ची दहा हजारांच्या आसपास येते. टिल्ट, डोक्याचा आधार, बाजूचे आधार अशी बाहेरून आलेली खुर्ची लाखावर जाते. ट्रस्टकडे मदत मागायला जाताना थेरपिस्टचं पत्र न्या, आणि त्यात प्रत्येक भाग ‘का’ हवा ते लिहून घ्या. ‘डोक्याचा आधार’ एवढंच लिहिलं की यादीतून पहिला तोच कापला जातो. ‘आधाराशिवाय मान पडते व गिळताना ठसका लागतो’ असं लिहिलं की राहतो. सांभाळणाऱ्या घरच्यांना आयकराच्या जुन्या कररचनेत (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. नॅशनल ट्रस्टच्याच कायद्याखाली अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करता येतो. ते आई-वडील धडधाकट असतानाच उरका.

खुर्ची आल्यावर

डिलिव्हरी घरी घेऊ नका, थेरपिस्टकडे घ्या. आमची खुर्ची आली तेव्हा बाजूचा डावा आधार दोन इंच वर बसवलेला होता आणि काखेत रुतत होता. मॅडमनी पान्यानं तिथल्या तिथे खाली घेतला. घरी आली असती तर आम्ही तिथे टॉवेल कोंबून गप्प बसलो असतो.

पहिल्या दिवशी अर्धाच तास बसवा, उतरवून कातडी बघा, डाग नसेल तर दुसऱ्या दिवशी वाढवा. आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ण वेळेवर या. सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा, मग वर्षातून एकदा. वजन चार-पाच किलोनं बदललं तर आधीच जा.

देखभालीला फार लागत नाही. मागचं चाक चोवीस इंची असेल आणि टायर हवेचा असेल, तर ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते. आमच्या गल्लीतले सायकलवाले काका पंक्चर काढतात, पुढच्या चाकांत अडकलेले केस उपटून काढतात आणि ब्रेकही घट्ट करून देतात. बैठकीच्या आधारांना मात्र त्यांना हात लावू देऊ नका. मॅडमनी जिथे स्क्रू बसवले तिथे आम्ही नेलपॉलिशनं खुणा करून ठेवल्यात, कुणी हलवलं तर लगेच कळतं.

आणि दादा नीट बसलेला असताना समोरून-बाजूनं काढलेले दोन फोटो मोठे छापून आम्ही त्याच्या खोलीच्या दारामागे लावलेत. आई गावाला गेली, नवे मदतनीस दादा आले, की त्यांना आधी ते फोटो दाखवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टा पोटावर बांधला होता. माझ्या दादानंच मानेनं दाराकडे खूण करून त्यांना तो सोडायला लावला.